जावईबापूंचे एकोणचाळीस सेकंद

आमच्या स्टुडिओत रेकॉर्डिंगच्या काचेवर एक पाटी चिकटवलेली आहे: 'काचेसमोर उभे राहून जांभई देण्यास सक्त मनाई आहे.' नवा माणूस आला की ती दोनदा वाचतो आणि विचारतो, की अशी पाटी लावायची वेळ आलीच कशी? मग सगळे माझ्याकडे बघतात. मी छताकडे बघतो.

आमचं काम डबिंगचं. परदेशातून कार्टून येतात, त्यांच्या तोंडात आपली भाषा घालायची. काचेच्या आत एकटा कलाकार, कानाला हेडफोन, समोर पडदा. बाहेर यंत्रांपाशी मास्तर आणि कानसेन, आणि मागच्या बाकावर आपली पाळी यायची वाट बघणारे आम्ही. आता आतला माणूस अगदी रंगात येऊन 'आई, मी परत येईन' म्हणत असताना बाहेर काचेपाशी जाऊन कुणी निवांत, दाढा दिसतील अशी जांभई दिली, तर काय होतं? तो जांभई देतो. देतोच. डोळ्यांत पाणी आलं तरी देतो. वीस वर्षांत मी एकोणतीस जणांना पाडलंय. त्यात सगळ्यात लवकर पडणारी आमची आक्का. तिला तर नुसतं 'जांभई' म्हटलं तरी जबडा हलतो. तिचे अकरा टेक घालवल्यावर मास्तरांनी ती पाटी लावली.

मास्तर म्हणजे आमचे डबिंग डायरेक्टर. गृहस्थ सभ्य. स्टुडिओ मला उचापत्या म्हणतो, पण मास्तर कुणाला अरेतुरे करत नाहीत, म्हणून ते मला 'अहो उचापते' म्हणतात. दोन नव्या मुलींना ते माझं आडनाव वाटलं. मी वाटू दिलं.

कानसेन म्हणजे आवाज टिपणारा. दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यातली तीन 'पुन्हा एकदा' असतात. वीस वर्षांत त्यानं एक विनोद केलेला नाही आणि माझ्या एकाही विनोदाला हसलेला नाही. मी एकदा मास्तरांचं दुपारचं घोरणं चोरून टिपलं आणि एका झोपलेल्या ड्रॅगनला लावलं. ते प्रसारितसुद्धा झालं. सगळा स्टुडिओ लोळत होता, कानसेन म्हणाला, "थोडं मोठं ठेवायला हवं होतं." बस.

तर ही गोष्ट एका ॲनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टून मालिकेच्या, तिसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागाची.

त्यातला नायक सतरा वर्षांचा पोरगा. पहिल्याच भागात एका डोंगराची सगळी जादू चुकून त्याच्या पोटात जाते. झालं, तिथून पुढे त्याला हरवणारा कुणी नाही. राक्षस येतो, हा एक बोट वर करतो, राक्षस गायब. सैन्य येतं, हा दोन बोटं वर करतो. बाकीचे लोक चिलखतं घालून, घाम गाळून तीन-तीन भाग लढतात, आणि हा उशिरा येऊन, उभ्या उभ्या सगळं आटपून जेवायला काय आहे विचारतो. सगळे उठून उभे राहतात, सगळे मान देतात, हा काही करत नाही. म्हणून स्टुडिओत त्याचं नाव जावईबापू. आणि ज्याचा दर भागात अपमान होतो तो अंधाराचा सम्राट, म्हणजे सासरेबुवा. सासरेबुवांचा आवाज माझा. एरवी माझ्या वाट्याला पहारेकरी, घोडे आणि गर्दीतला 'पळा पळा' म्हणणारा माणूस येतो. सासरेबुवा हे माझं आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम.

जावईबापूंचा आवाज आक्काचा. पोरांचे आवाज बायकांनीच द्यायचे असतात, पुरुषांचा घसा तिथं पोचत नाही. आक्का त्रेपन्न वर्षांची, चष्मा, गुडघेदुखी, पर्समध्ये कायम खडीसाखर. आणि माइकसमोर उभी राहिली की सतरा वर्षांचा कंटाळलेला पोरगा. समोर सैन्य जळून खाक झालं की तो म्हणतो, "झालं?" एवढंच. हे 'झालं?' आक्कानं बसवलेलं. शाळेतली पोरं गणिताच्या मास्तरांनी फळा भरला की मागून म्हणतात, 'झालं?' आक्काची सहा वर्षांची नात दर रविवारी सकाळी फोन करते. आजीशी बोलायला नव्हे. म्हणते, "त्याला दे."

शेवटच्या भागाच्या तीन आठवडे आधी मी कानातला मळ काढून घ्यायला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. बाकावर आक्का बसलेली.

"तू इथं काय करतोयस?"

"कान साफ करायला आलोय. तू?"

"मीपण कानच."

"आक्का, तुझ्या हातातल्या कागदावर घशाचं चित्र आहे."

तिनं कागदाची घडी केली. मग इकडेतिकडे बघून म्हणाली, "तुलाच भेटायचं होतं का मेल्या इथं. गावाला सांगायचं असेल तर वर्तमानपत्रात द्यावं नाहीतर तुला सांगावं."

"असं काय करतेस. माझ्या तोंडात…"

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. शप्पथ घे."

"कुणाची?"

"तुझ्या केसांची."

"आक्का, उरलेत किती!"

"म्हणूनच. जपशील."

घेतली शप्पथ. मग तिनं सांगितलं. स्वरतंतूवर गाठ, तांदळाच्या दाण्याएवढी. वाईट रोगाची नव्हे. छोटं ऑपरेशन, पंधरा दिवस संपूर्ण मौन, मग तीन महिने जपून बोलणं, की आवाज पूर्ववत. पण ऑपरेशन होईपर्यंत ओरडायचं नाही. बोललं तर चालेल, गुणगुणलं तर चालेल. ओरडलं आणि गाठीतून रक्त आलं, तर आवाज बसेल तो कदाचित कायमचा.

"मग काय अडचण आहे?" मी म्हणालो. "पुढचा सीझन पाच महिन्यांनी. तोवर ठणठणीत. आणि जावईबापू कधी ओरडतो?"

"शेवटचा भाग पाहिलास?"

"नाही."

"बघ मग."

पाहिला. शेवटच्या भागात जावईबापू दोन्ही हात वर करतो आणि ओरडतो. छत्तीस भागांत पहिल्यांदा. एक बोट नाही, दोन बोटं नाहीत, सगळी दहाच्या दहा, आणि वर आरोळी. आकाश फाटतं, समुद्र मागे सरकतो, सासरेबुवांचा धूर होतो. मी घड्याळ लावून मोजलं. एकोणचाळीस सेकंद.

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं. चॅनलला म्हणायचं, बाई आजारी आहे, थांबा. पण आमच्या धंद्यात आवाज एकदा बदलला की बदलला. मागे एका मालिकेतल्या अस्वलाचा आवाज देणाऱ्याला सर्दी झाली. आठ दिवस रजा घेतली. आठ दिवसांनी आला तर अस्वल दुसऱ्याच्या आवाजात बोलत होतं, आणि पोरांना तेच आवडायला लागलं होतं. शिवाय चॅनलच्या मॅडमनी महिन्यापूर्वीच एका तरुण मुलीचा आवाज ऐकून ठेवलाय, ही बातमी आम्हाला होती. पोरगी चांगली होती, त्यात तिचा काय दोष. आणि शेवटच्या भागाच्या रेकॉर्डिंगला मॅडम स्वतः येणार होत्या. आरोळी ऐकायला.

"म्हणजे हे एकोणचाळीस सेकंद पार पडले की तू वाचलीस," मी म्हणालो.

"पार पडले की जावईबापू वाचला. माझं काय ते ओरडल्यावर कळेल."

मी म्हटलं, आक्का, काळजी करू नकोस, मी आहे. त्यावर तिनं खडीसाखरेचा खडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "तीच काळजी आहे."

पहिला उपाय मला सोपा वाटला. कानसेनकडे सगळ्यांचे जुने आवाज साठवलेले असतात. कुणाची खोकल्याची उबळ, कुणाचं रडणं, कुणाचं धापा टाकणं. एखादं 'आ' कमी पडलं तर तिथून उचलून चिकटवतात. म्हटलं, आक्काची जुनी आरोळी उचलू. कानसेन डबा खात असताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"जावईबापूंचं काय काय आहे रे तुझ्याकडे?"

त्यानं यंत्रावर यादी काढून दाखवली. 'हं': दोनशे बारा. 'अच्छा': चाळीस. सुस्कारा, कंटाळलेला: सत्याण्णव. जेवताना मचमच: अठरा. 'झालं?': एकशे सहा.

"ओरडणं?"

"नाही."

"एकपण?"

"कशाला ओरडेल?" कानसेन म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला.

बरोबरच होतं. ज्याला कुणी धक्कासुद्धा मारू शकत नाही त्याची किंकाळी साठवणार कुठून? माझ्या पहारेकऱ्यांच्या किंकाळ्या मात्र तीनशेच्या वर होत्या. गरिबाचा आवाज भांडारात भरपूर असतो.

दुसरा उपाय: मीच आक्काच्या आवाजात ओरडायचं. नकला मला येतात. मास्तरांच्या आवाजात मी कानसेनला सुट्टी दिलेली आहे. जुनी यंत्रं ठेवायच्या खोलीत आक्काला नेलं, दार लावलं, आणि ओरडलो. सात-आठ सेकंदांनी थांबून विचारलं, "कसं?"

आक्का खुर्चीवर बसून तोंडाला पदर लावून हसत होती. डॉक्टरांनी मोठ्यानं हसायलाही बंदी केली होती.

"बोकड," ती म्हणाली. "शिंगं अडकलेला बोकड."

"सवयीनं जमेल."

"बोकडालाही जमेल."

तेवढ्यात बाहेरून मास्तरांचा आवाज आला, "अहो उचापते, आत कुणाला लागलंय का?"

तिसऱ्या उपायासाठी मी तो शेवटचा प्रसंग पंधरा वेळा पाहिला, एकेक सेकंद कागदावर लिहून. तेव्हा एक गोष्ट सापडली. एकोणचाळीस सेकंद आरोळी ऐकू येते खरी, पण जावईबापूंचं उघडं तोंड दिसतं फक्त पहिले चार सेकंद. त्यानंतर नुसता उजेड, डोंगर, पक्षी, समुद्र, आणि मग सासरेबुवा. सासरेबुवांचं तोंड मात्र चांगलं अकरा सेकंद दिसतं, तेही असं उघडं की पडजीभ काढलीय चित्रकारानं. शेवटी जावईबापू हात खाली घेतो आणि 'आता सगळं संपलं' अशा अर्थाचं काहीतरी गंभीरपणे म्हणतो.

मी कागद घेऊन आक्काकडे गेलो. "हे बघ. चार सेकंद सोडले तर ही आरोळी कुणाचीही असू शकते. मी ओरडतो. सासरेबुवा ओरडतील. मरणारा तोच आहे, ओरडण्याचा हक्क त्याचा. तू शेवटी फक्त 'झालं?' म्हण."

"आणि पहिले चार सेकंद? तोंड उघडं आहे त्याचं. मुकं ठेवू?"

मी कागद उलटा करून बघितला.

"आणि मूळ चित्रात तो ओरडतो," आक्का म्हणाली. "मॅडम येतायत ते ओरडणं ऐकायला. पोरं तीन वर्षं वाट बघतायत. आपण त्यांना काय, सासऱ्याची बोंब ऐकवायची?"

"आक्का, घसा."

"एकोणचाळीस सेकंदांचं काम आहे. बाळंतपणं काढलीत मी."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर म्हणाले कदाचित. कदाचित नाहीपण."

हट्टाला पेटली की आक्का कुणाची नाही. मी एवढंच केलं, की रेकॉर्डिंगच्या सकाळी लवकर जाऊन कानसेनला क्रम बदलायला लावला. नेहमी नायक आधी आणि मरणारा नंतर. मी म्हटलं, आज मला आधी घे, दुपारी काम आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं, कारण मला दुपारी कधीच काम नसतं. पण घेतलं. माझा हिशोब असा, की माझी टिपलेली बोंब तिच्या हेडफोनमध्ये मोठी वाजत राहिली तर ती जरा कमी जोर लावेल.

चॅनलच्या मॅडम दहाला आल्या. चाळिशीच्या, पायात धावायचे बूट, हातात दोन फोन. बाकावर बसल्या. मी आत गेलो आणि सासरेबुवा मारले.

आत्मस्तुती करत नाही, पण पहिले चार सोडून पस्तीस सेकंद मी असा ओरडलो की तसा मी लग्नानंतरही ओरडलो नव्हतो. सुरुवातीला राग, मग आश्चर्य, मग भीती, आणि शेवटी फक्त हवा. तीन सीझनचे अपमान बाहेर काढले. बाहेर आलो. मास्तर म्हणाले, "उत्तम हो, उचापते." वीस वर्षांत पहिल्यांदा. मला कसंसंच झालं. आपलं मोठं काम संपलं हे तेव्हा लक्षात आलं. धुराला पुढच्या सीझनमध्ये संवाद नसतात.

मग आक्का आत गेली. चष्मा पुसला, हेडफोन लावले, पाण्याचा घोट घेतला. मी काचेपाशी जाऊन उभा राहिलो. मास्तर म्हणाले, "अहो, मागे बसा," पण चित्र सुरू झालं होतं.

पडद्यावर वारा. जावईबापूंचे केस उडतायत. हात वर जायला लागले. आक्कानं दोन्ही पाय रोवले, पोटात श्वास ओढला. मी तिला वीस वर्षं श्वास घेताना पाहिलंय, हा श्वास तसला नव्हता. हा उरलंसुरलं सगळं टाकून द्यायला घेतलेला श्वास होता. तिच्या मानेची शीर दिसली. आणि माझ्या नाकासमोर ती पाटी. आतून उलटी दिसते, बाहेरून सरळ. 'सक्त मनाई आहे.'

मी जांभई दिली.

साधीसुधी नाही. कानापासून कानापर्यंत, डोळे मिटून, मान मागे टाकून, हात ताणून, शेवटी जबडा कट्‌कन वाजेल अशी. एकोणतीस जणांवर केलेला सगळा रियाज त्यात ओतला.

आक्कानं बघितलं. तिचे डोळे मोठे झाले, नाही म्हणाले, मान हलायला लागली, आणि तोंड तर आरोळीसाठी उघडलेलंच होतं. त्यातून जे बाहेर पडलं ते "आऽऽऽह्…" असं लांब, ऐसपैस, शेवटाला थोडं कुरकुरणारं. पडद्यावर जावईबापूंचं तोंड उघडलं तेव्हा उघडलं, मिटत आलं तेव्हा मिटलं. चार सेकंद. मोजून.

त्याच क्षणी आभाळ फाटलं आणि माझी बोंब सुरू झाली.

आरोळीचा श्वास जांभईत संपला होता, पण आक्का माइक सोडून हलली नाही. जुनी कलाकार, मास्तर 'थांबा' म्हणेपर्यंत चित्र सोडत नाही. आणि मास्तर म्हणत नव्हते, कारण त्यांचंही तोंड उघडंच होतं. जांभई त्यांनाही लागली होती. समुद्र मागे सरकला, पक्षी उडाले, सासरेबुवांची पडजीभ दिसली, सासरेबुवा धूर झाले. पूर्ण पस्तीस सेकंद आक्का काचेतून माझ्याकडे बघत होती. मी तिच्या डोळ्यांत माझं भविष्य पाहिलं, ते आखूड होतं. शेवटी जावईबापूंनी हात खाली घेतले, आणि आक्का, पडद्याकडे न बघता, सरळ मला म्हणाली,

"झालं?"

कानसेनकडे आता असे एकशे सात आहेत. पण तसलं दुसरं नाही. थंड, दमलेलं, आणि तळाशी असा राग की ऐकणाऱ्यानं दोन पावलं मागं जावं.

मास्तर उठून उभे राहिले, पाटीकडे बोट दाखवलं, आणि त्यांना शब्दच सापडेनात. "अहो… अहो उच… ही पाटी… कुणासाठी…"

"पुन्हा लावा," मॅडम म्हणाल्या.

कानसेननं लावलं. मॅडमनी दोन्ही फोन उलटे ठेवले आणि ऐकलं. म्हणाल्या, "पुन्हा." तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्या जांभईच्या जागी हसल्या. मोठ्यानं नाही, नाकातून.

"जग बुडतंय आणि त्याला झोप येतेय," त्या म्हणाल्या. "मूळ चित्रात तो का ओरडतो, हेच मला कळलं नव्हतं. एवढा मोठा जादूगार, त्याला ओरडायची काय गरज?"

"मीही तेच म्हणतो मॅडम," मी म्हणालो.

"तुम्ही गप्प बसा," मास्तर म्हणाले.

"हे ठेवू या," मॅडम म्हणाल्या. माझ्या छातीवरचा दगड उतरायला लागला, तोच त्यांनी पुढे म्हटलं, "पण वरच्या लोकांना दाखवायला एक सरळ टेकसुद्धा हवा. ओरडण्याचा. घेऊन टाकू लगेच. आक्का, चालेल ना?"

काचेच्या आत आक्कानं मान डोलावली. पाण्याचा घोट घेतला. पाय रोवले. आता मी कितीही जांभया दिल्या तरी उपयोग नव्हता, मास्तरांनी मला दंडाला धरून बाकावर बसवलं होतं. मी तोंड उघडलं. शप्पथ गेली खड्ड्यात, टक्कल पडलं तर पडलं, सांगून टाकतो, असं ठरवून उघडलं.

"टेक घेता येणार नाही," कानसेन म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"का?" मॅडम म्हणाल्या.

"गरम झालंय. बंद ठेवावं लागेल. दोन तास."

मॅडमनी फोन सरळ केला, वेळ पाहिली. बाराला त्यांना दुसरीकडे पोचायचं होतं. मास्तरांनी यंत्राकडे बघितलं, मग कानसेनकडे, मग काचेतून आक्काकडे. आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "हो, हे यंत्र तापतं हल्ली. आणि मॅडम, माझा अनुभव सांगू का? वर दोन टेक पाठवले की वरचे लोक नेमका चुकीचा निवडतात. एकच पाठवावा."

"खरंय ते," मॅडम म्हणाल्या. पर्स उचलली. जाता जाता काचेवर टकटक करून आक्काला म्हणाल्या, "पुढच्या सीझनचे कागद पाठवते. त्या दुसऱ्या मुलीला आपण त्याच्या धाकट्या बहिणीचं काम देऊ. नवीन पात्र आहे. तिला जरा शिकवा."

त्या गेल्यावर मी यंत्रापाशी गेलो, हात लावला. थंडगार.

"काय गरम झालंय रे?"

"चहा," कानसेन म्हणाला आणि कप उचलला.

म्हणजे त्याला माहीत होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, तीन महिन्यांपूर्वीच ऐकू आलं, 'हं' मधला 'ह' फाटायला लागला होता. मास्तरांनाही माहीत होतं, त्यांना कानसेननं सांगितलं होतं. महिनाभर ते आक्काची मोठ्या आवाजाची वाक्यं गुपचूप बारीक करून लिहीत होते. मॅडम ऐकायलाच येणार म्हटल्यावर आरोळी तेवढी त्यांना बारीक करता आली नव्हती. अख्ख्या स्टुडिओला माहीत असलेलं गुपित मी एकटा केसांची शप्पथ घेऊन सांभाळत बसलो होतो. एवढा मोठा पोपट माझा आजवर कुणी केला नव्हता, आणि करणाऱ्यांनी ठरवूनही केला नव्हता.

आक्का बाहेर आली. पर्स उघडली. मला वाटलं खडीसाखर देते. पर्सच मारली, खांद्यावर. आत काय ठेवते कोण जाणे, तीन दिवस दुखत होता.

"माझं आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम होतं ते," ती म्हणाली. "ओरडायची पहिली संधी. छत्तीस भागांनी आली होती."

"माझंही सगळ्यात मोठं काम तेच होतं."

"ऐकलं मी." पर्स खांद्याला लावून म्हणाली, "चांगला मेलास."

भाग लागला. लहान पोरांना जांभई आवडली, शाळांतून साथ पसरली. मोठ्या पोरांना आवडली नाही. मूळ भाषेत बघणाऱ्यांनी चॅनलला लांबलचक पत्रं लिहिली, की आमच्या नायकाची विटंबना झाली, हा भाषांतराचा खून आहे वगैरे. एकानं खुनी म्हणून मास्तरांचं नाव लिहिलं. मास्तरांनी ते पत्र घरी नेऊन बायकोला दाखवलं म्हणतात.

आक्काचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस मौन. पहिल्या रविवारी मी भेटायला गेलो तेव्हा ती वही-पेन घेऊन पलंगावर बसलेली, आणि नातीचा फोन आला. आक्कानं वहीत लिहिलं, 'घे तू. त्याच्या आवाजात.' मी घसा साफ केला, कंटाळलेला सुस्कारा टाकला, म्हणालो, "हं. काय गं?"

पलीकडून नात म्हणाली, "तू तो नाहीस. तू बोकड आहेस."

आक्कानं तोंडावर उशी दाबून धरली. हसायला अजून बंदी होती.

पाच महिन्यांनी चौथा सीझन सुरू झाला. पहिल्या दिवशी आक्का आत उभी राहिली आणि पहिलं वाक्य म्हणाली. आवाज किंचित जाड झाला होता, पोरगा अठराचा झाल्यासारखा. मास्तरांनी कानसेनकडे बघितलं. कानसेननं डोळे मिटून पुन्हा एकदा ऐकलं आणि म्हणाला, "ह नीट आहे." मग त्या मुलीला, धाकट्या बहिणीला, आक्कानं शेजारी उभं करून तासभर श्वास शिकवला.

सासरेबुवा धुरातून परत आले नाहीत. मला घोडा मिळाला, जावईबापूंचा. बरा आहे, दर भागात असतो, आणि अपमान कमी होतो. दुपारी माझी पाळी आली. मी आत गेलो, हेडफोन लावले. पडद्यावर घोडा उंच कड्यावर उभा, मागे सूर्य, आता मान वर करून तो खिंकाळणार. मी पोटात श्वास ओढला, आणि सहज समोर बघितलं.

काचेच्या पलीकडे पाटीच्या बरोबर शेजारी आक्का उभी होती. चष्मा काढलेला. तिनं सावकाश दोन्ही हात ताणले.

चौथ्या सीझनच्या पहिल्या भागात घोडा कड्यावर उभा राहून जांभई देतो. मास्तरांनी दुसरा टेक घेतला नाही. कानसेन म्हणाला, यंत्र गरम झालंय.